दिल्ली, आग्रा, हैदराबाद : मुलांना घेऊन निघण्याआधी वार तपासा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. वार्षिक परीक्षा संपल्या आणि आम्ही घरातले सात जण आग्र्याला निघालो. रेल्वेची तिकिटं कितीतरी आधी काढलेली. मुलांनी चित्रकलेच्या वहीत ताजमहाल रंगवून ठेवलेला. सकाळी स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला ताजमहाल म्हटलं, तर तो म्हणाला, "साहब, आज जुम्मा है, ताज बंद." शाळेत इतिहास शिकवणाऱ्या आम्हालाच हे माहीत नव्हतं. परतीची गाडी त्याच रात्रीची होती. शेवटी यमुनेच्या पलीकडे मेहताब बागेत जाऊन दुरून ताज पाहिला आणि परत आलो. मुलं पुढे शाळेच्या सहलीतून जाऊन आली, पण आमच्या अम्मींना पुन्हा आग्र्याला जायचा योग आला नाही.

आपल्याकडे बहुतेक कुटुंबं अशी मोठी सहल चार-पाच वर्षांतून एकदा काढतात. त्यात पैसा जातो, रजा जाते आणि घरातल्या मोठ्यांच्या तब्येतीचा भरवसा नसतो. म्हणून तीन शहरांची माहिती इथे एकत्र देत आहोत. कुठे काय बघायचं, कोणत्या वारी काय बंद असतं, नमाजची सोय कुठे आहे आणि मुलांना काय सांगायचं, एवढंच.

आधी वार

शुक्रवारी बंद : ताजमहाल, हैदराबादचे सालारजंग म्युझियम, चौमहल्ला पॅलेस आणि कुतुबशाही मकबरे.

सोमवारी बंद : दिल्लीचा लाल किल्ला आणि राष्ट्रीय संग्रहालय.

रोज उघडे : हुमायूनचा मकबरा, कुतुबमिनार, चारमिनार, गोवळकोंडा किल्ला.

यावरून सोपा नियम निघतो. शुक्रवार दिल्लीत घालवा, आग्र्यात नाही. सोमवारी लाल किल्ला ठेवू नका. हैदराबादला शुक्रवार आला तर त्या दिवशी फक्त चारमिनार, मक्का मशीद आणि गोवळकोंडा करा. १५ ऑगस्टच्या आधी आणि २६ जानेवारीच्या सुमारासही लाल किल्ला काही दिवस बंद ठेवतात, तेव्हा त्या काळात आधी चौकशी करावी.

दिल्ली : दोन इमारती, एकच गोष्ट

दिल्लीत बघण्यासारखं एवढं आहे की मुलं दमून जातात आणि शेवटी त्यांच्या लक्षात काहीच राहत नाही. आमचा अनुभव असा की दोन इमारती एका गोष्टीने जोडून दाखवल्या तर मुलं विसरत नाहीत.

पहिली म्हणजे हुमायूनचा मकबरा. बादशहाच्या मृत्यूनंतर त्यांच्या बेगम हाजी बेगम यांनी तो बांधून घेतला. १५७० च्या सुमारास काम पूर्ण झालं, म्हणजे ताजमहालच्याही आधी ऐंशी-एक वर्षं. मधोमध मोठा घुमट, चारही बाजूंना चौकोनी बाग, पाण्याचे पाट. ताजची कल्पना कुठून आली ते इथे उभं राहिलं की समजतं. १९९३ पासून ही जागा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

सप्टेंबर १८५७ मध्ये इंग्रजांनी दिल्ली परत घेतली तेव्हा शेवटचे बादशाह बहादूरशाह जफर यांनी याच मकबऱ्यात आसरा घेतला होता. इथेच ते इंग्रजांच्या हाती लागले. पुढे १८५८ च्या सुरुवातीला त्यांच्यावर खटला चालला तो लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासमध्ये, म्हणजे त्यांच्याच पूर्वजांच्या दरबारात. त्यांना रंगूनला पाठवलं गेलं आणि १८६२ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं.

दुसरी इमारत म्हणजे हाच लाल किल्ला. शाहजहानने १६३९ मध्ये काम सुरू केलं आणि १६४८ मध्ये ते पूर्ण झालं. मुलांना इथे १९४५ चीही गोष्ट सांगा. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरचा पहिला खटला याच किल्ल्यात चालला. आरोपी तिघे होते : शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लन. एक मुसलमान, एक हिंदू, एक शीख. त्यांच्या सुटकेसाठी सगळा देश एक झाला होता. लाल किल्ला पाहताना नुसते संगमरवर आणि नहर बघून बाहेर पडू नका, हा धडा तिथेच शिकवून घ्या.

लाल किल्ला आणि जामा मशीद या दोन्ही नावांची मेट्रो स्टेशनं व्हायोलेट लाइनवर आहेत. हुमायूनच्या मकबऱ्याजवळच निजामुद्दीन बस्ती आहे. तिथे हजरत निजामुद्दीन औलियांचा दर्गा, त्याच आवारात अमीर खुसरोंची मजार आणि बाहेर थोड्याच अंतरावर मिर्झा गालिबची मजार आहे. घरात उर्दू वाचणारं कुणी असेल तर गालिबकडे गेल्याशिवाय परतू नका.

कुतुबमिनार यलो लाइनवर येतो. उंची सुमारे ७३ मीटर. काम कुतबुद्दीन ऐबकने सुरू केलं, इल्तुतमिशने पुढे नेलं आणि वीज पडून नुकसान झाल्यावर फिरोजशाह तुघलकने दुरुस्त केलं. आत चढायला मिळत नाही म्हणून मुलं हिरमुसतात. त्यांना कारण सांगा. ४ डिसेंबर १९८१ रोजी आतल्या अंधाऱ्या जिन्यात दिवे गेले, चेंगराचेंगरी झाली आणि ४५ जणांचा जीव गेला. त्यांत बरीचशी शाळेची मुलं होती. तेव्हापासून जिना बंद आहे. आम्ही शाळेची सहल नेतो तेव्हा हे सांगतोच, म्हणजे पुढे कुठेही अरुंद जिना लागला तर मुलं ढकलाढकली करत नाहीत.

आग्रा : पहाटे पोहोचा

दिल्लीहून आग्र्याला सकाळी जाऊन रात्री परत येता येतं. हजरत निजामुद्दीन स्टेशनवरून सुटणारी गतिमान एक्स्प्रेस साधारण १०० मिनिटांत आग्रा कँटला पोहोचते. ती शुक्रवारी धावत नाही. आम्ही त्या वेळी एवढं जरी पाहिलं असतं तरी चूक टळली असती.

ताजमहाल सूर्योदयाच्या अर्धा तास आधी उघडतो आणि सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी बंद होतो. भारतीयांना तिकीट ५० रुपये आणि मुख्य मकबऱ्यात जायचं असेल तर वेगळे २०० रुपये. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. एका तिकिटावर तीन तास थांबता येतं. दर बदलू शकतात, म्हणून निघण्याआधी पुरातत्त्व खात्याच्या वेबसाइटवर एकदा बघून घ्या. खाण्याचे डबे, काडेपेटी, चाकू, मोठ्या बॅगा आत नेऊ देत नाहीत. ताजजवळ पेट्रोल-डिझेलच्या गाड्या येऊ देत नाहीत, तेव्हा शेवटचं अंतर बॅटरीच्या गाडीने किंवा पायी जावं लागतं. गुडघे दुखणारी माणसं बरोबर असतील तर हा हिशेब आधी करा.

मुमताज महल यांचं निधन १६३१ मध्ये बुऱ्हाणपूरला झालं, हे आपल्याकडच्या मुलांना जरूर सांगा. खानदेशातल्या लोकांना बुऱ्हाणपूर म्हणजे शेजारचं गाव. पहिला दफन तिथेच, तापीकाठच्या बागेत झाला आणि नंतर पार्थिव आग्र्याला नेलं. मोठ्या कमानीवरच्या कुरआनच्या आयती बघताना अक्षरांकडे लक्ष द्या. वरची अक्षरं मुद्दाम मोठी कोरली आहेत, त्यामुळे खालून पाहणाऱ्याला सगळी सारखीच दिसतात. हे काम अमानत खान शिराजी या खुशनवीसाचं. छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा पाहिलेला असेल तर मुलांना दोन्हींतले फरक शोधायला लावा. तो औरंगजेबाचा मुलगा आझमशाह याने आपल्या आईसाठी बांधला.

हैदराबाद : दख्खनी आपलीच

मराठवाड्यातल्या घरांना हैदराबाद परकं नाही. १९४८ पर्यंत मराठवाडा याच संस्थानात होता आणि आजही कितीतरी घरांत सोयरीक तिथली असते. मुहम्मद कुली कुतुबशाहने १५९१ मध्ये चारमिनार बांधला आणि त्याच्याभोवती शहर वसवलं. हा सुलतान स्वतः दख्खनीत शायरी करायचा. आपल्या घरात दादी-नानी जी बोली बोलतात, तिच्या जुन्या कवींत त्याचं नाव पहिल्या रांगेत आहे. हे ऐकलं की मुलं आपल्या बोलीला लाजत नाहीत.

सालारजंग म्युझियममध्ये दोन गोष्टी चुकवू नका. एक, इटालियन शिल्पकार बेंझोनीची बुरखा घेतलेली रिबेका. संगमरवरच आहे, पण चेहऱ्यावर झिरझिरीत कापड असल्यासारखं वाटतं. दुसरं, संगीत घड्याळ. दर तासाला आतून छोटा माणूस येऊन टोले देतो. तासाच्या दहा मिनिटं आधी जागा धरा. जवळचं मेट्रो स्टेशन एमजीबीएस, तिथून रिक्षा करावी.

गोवळकोंड्याच्या फतेह दरवाजात टाळी वाजवली की वर बालाहिसारला ऐकू येते. मुलांची दोन टोळकी करून हा प्रयोग करा. चढ बराच आहे. वयस्कर मंडळींना खालीच सावलीत बसवावं आणि सकाळी लवकर चढावं.

नमाज आणि अदब

पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या अनेक जुन्या मशिदींत नमाजची परवानगी नसते. ताजच्या आवारातल्या मशिदीत शुक्रवारची नमाज होते, पण ती आग्र्याच्या स्थानिक लोकांसाठी. तिथे रखवालदाराशी वाद घालू नये. आग्र्यात किल्ल्याजवळ जहाँआराने बांधवलेली जामा मशीद आहे, दिल्लीत लाल किल्ल्यासमोर जामा मशीद आणि हैदराबादेत चारमिनारला लागून मक्का मशीद. तिन्ही ठिकाणी नमाज चालू आहे. बायकांच्या नमाजची सोय कुठे आहे हे मात्र आधी विचारून ठेवा.

आणखी एक. भिंतीवर नाव कोरणं हा गुन्हा आहे. त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. या इमारतींचा अभिमान आपण घरात बोलून दाखवतो, मग तिथे कागद टाकणारी मुलं आपली नसावीत.

निघण्याआधी एका कागदावर तारीख, वार आणि ठिकाण लिहा आणि समोर "उघडं की बंद" हा रकाना मुलांकडून भरून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे. आणि घरात अम्मी-अब्बू असतील तर त्यांना पुढच्या वर्षावर टाकू नका, या वर्षीच घेऊन जा.