कुत्र्यांच्या सांध्यांची सप्लिमेंट्स: बाजार आणि पुरावा

कुत्र्याच्या सांधेदुखीसाठी विकल्या जाणाऱ्या बहुतेक गोळ्या, पावडरी आणि चघळायच्या वड्यांमध्ये ग्लुकोसामाइन आणि काँड्रॉइटिन ही दोन द्रव्ये असतात. त्यांपैकी ग्लुकोसामाइन १८७६ मध्ये गेओर्ग लेडरहोज या जर्मन वैद्याला सापडले. शेवंडीचे कवच तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात उकळले असता साखरेसारखे स्फटिक मिळाले आणि त्या रेणूत नायट्रोजनही होता. कूर्चेतल्या काँड्रॉइटिन सल्फेटचे रासायनिक वर्णन ओस्वाल्ड श्मीडेबेर्ग यांनी १८९१ मध्ये केले. १९३४ मध्ये कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी गाईच्या डोळ्यातून हायल्युरॉनिक आम्ल वेगळे काढले. सांध्यातल्या वंगणद्रवाचा दाटपणा याच आम्लामुळे येतो. यांपैकी कोणाच्याही डोळ्यांपुढे लंगडणारा कुत्रा नव्हता. शरीर कशाचे बनले आहे, एवढेच त्यांना शोधायचे होते.

सांध्यात हाडांची टोके कूर्चेने मढवलेली असतात. ही कूर्चा गुळगुळीत आणि लवचिक असते, पण तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे ती एकदा झिजली की जवळजवळ भरून येत नाही. ग्लुकोसामाइन आणि काँड्रॉइटिन हे तिच्याच घडणीतले घटक आहेत. तेव्हा हेच घटक पोटातून दिले तर झीज भरून निघेल, हा विचार सहज सुचण्यासारखा होता. सप्लिमेंटचा सारा व्यवसाय या विचारावर उभा राहिला. अडचण पचनाच्या वाटेवर होती. बीगल कुत्र्यांवर मोजमाप केले तेव्हा तोंडाने दिलेल्या ग्लुकोसामाइनपैकी सुमारे १२ टक्केच रक्तात पोहोचल्याचे दिसले, आणि रक्तातून सांध्यापर्यंतचा टप्पा त्यापुढचा.

कुत्र्याचा सांधा हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय विसाव्या शतकात झाला. बॉस्टनचे पशुवैद्य गेरी श्नेल यांनी १९३५ मध्ये खुब्याच्या सैल, उथळ सांध्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हिप डिस्प्लेसिया या नावाने तो विकार आज सर्वांना माहीत आहे. जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडोर, रॉटवायलर अशा मोठ्या जातींत तो पिढ्यान्‌पिढ्या उतरत होता. अमेरिकेत जॉन ऑलिन यांच्या पुढाकाराने १९६६ मध्ये ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर अॅनिमल्स ही संस्था स्थापन झाली. प्रजननाआधी कुत्र्याच्या खुब्याचा एक्स-रे काढून त्याची प्रत लावण्याची पद्धत तिने रुजवली. पुढे १९८०च्या दशकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेल स्मिथ यांनी सांध्याचा सैलपणा आकड्यात मोजणारी पेनहिप पद्धत विकसित केली. रोग जन्माआधीच रोखण्याचा हा मार्ग संथ होता आणि त्यात पैसा कमी होता. तरीही त्याने जे साधले ते कोणत्याही गोळीला साधलेले नाही.

जन्मलेल्या कुत्र्याचे दुखणे मात्र उरतच होते. त्यावर बराच काळ अॅस्पिरिन आणि फिनाइलब्युटाझोन हीच औषधे हाताशी होती आणि दोन्ही जठराला त्रास देत. सांध्यातील द्रव्यांवर आधारलेले उपचार प्रथम घोड्यांकडे आले. शर्यतीचा घोडा लंगडू लागला की मालकाचे मोठे नुकसान होते, त्यामुळे महागड्या प्रयोगाला तिथे लगेच गिऱ्हाईक मिळे. अमेरिकेत अॅडेक्वान नावाचे इंजेक्शन १९८४ मध्ये घोड्यांसाठी मंजूर झाले आणि १९९७ मध्ये कुत्र्यांसाठी. ऑस्ट्रेलियात पेंटोसान पॉलिसल्फेट याच धर्तीवर वापरले जाऊ लागले. ही औषधे होती, म्हणजे विक्रीपूर्वी त्यांना सरकारी तपासणीतून जावे लागले. गोळ्यांच्या वाट्याला ही तपासणी आली नाही.

१९९२ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात न्यूट्रामॅक्स लॅबोरेटरीज ही कंपनी सुरू झाली आणि तिने ग्लुकोसामाइन-काँड्रॉइटिनची कोसेक्विन ही गोळी जनावरांसाठी आणली. पाठोपाठ दोन गोष्टी घडल्या. १९९४ मध्ये अमेरिकी संसदेने माणसांच्या पूरक आहारासाठी एक सैल कायदा केला. त्यामुळे परिणाम सिद्ध न करताही उत्पादन बाजारात आणता येऊ लागले. हा कायदा जनावरांच्या उत्पादनांना लागू नाही, असे अन्न व औषध प्रशासनाने १९९६ मध्ये जाहीर केले. कागदोपत्री ही उत्पादने खाद्य आणि औषध यांच्या मधल्या अंधूक पट्टीत राहिली आणि प्रत्यक्षात विक्री वाढतच गेली. दुसरी गोष्ट १९९७ ची. त्या वर्षी जेसन थिओडोसाकिस यांचे ‘द आर्थ्रायटिस क्युअर’ हे पुस्तक आले आणि अमेरिकेतल्या लाखो माणसांनी हीच जोडगोळी स्वतःसाठी घेतली. सकाळी आपली गोळी घेणाऱ्या माणसाला कुत्र्यालाही ती देणे स्वाभाविक वाटले.

त्याच वर्षी कार्प्रोफेन हे सूज-वेदनाशामक अमेरिकेत कुत्र्यांसाठी बाजारात आले. त्याने खूप कुत्र्यांना खरोखर आराम दिला. मात्र १९९८ मध्ये कार्प्रोफेननंतर यकृताला इजा झालेल्या २१ कुत्र्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्यांपैकी १३ लॅब्रॅडोर होते. असा परिणाम क्वचितच होतो आणि रक्ततपासणी करून त्यावर लक्ष ठेवता येते. पण बातमीने मालकांच्या मनात भीती घातली आणि निरुपद्रवी मानल्या गेलेल्या सप्लिमेंटकडे ओढा वाढला. पुढच्या साऱ्या घडामोडींत ही भीती महत्त्वाची आहे. सप्लिमेंटचा खप त्याच्या गुणापेक्षा औषधाच्या धास्तीवर अधिक टिकला.

चाचण्या उशिरा आल्या आणि त्यांचे निकाल एकमेकांशी जुळले नाहीत. २००३ मध्ये माँट्रियलच्या संशोधकांनी ७१ कुत्र्यांवर कार्प्रोफेन व मेलॉक्सिकॅम ही वेदनाशामके आणि ग्लुकोसामाइन-काँड्रॉइटिनचे मिश्रण यांची तुलना केली. पायाखालच्या दाबमापक पट्टीवर औषधांचा फायदा दिसला, मिश्रणाचा दिसला नाही. २००७ मध्ये डब्लिनच्या ३५ कुत्र्यांच्या चाचणीत ७० व्या दिवशी मिश्रण घेतलेल्या कुत्र्यांमध्ये सुधारणा नोंदली गेली. मात्र तिथे औषध नसलेली पोकळ गोळी घेणारा गट नव्हता आणि सुधारणा ठरली ती पशुवैद्यांच्या गुणांकनावरून. दरम्यान २००६ मध्ये माणसांवरची सर्वांत मोठी चाचणी प्रसिद्ध झाली होती. १५८३ रुग्णांच्या त्या अमेरिकी चाचणीत ग्लुकोसामाइन, काँड्रॉइटिन किंवा दोन्ही मिळून यांपैकी काहीच एकूण रुग्णांत पोकळ गोळीपेक्षा सरस ठरले नाही. पोकळ गोळी घेणाऱ्यांपैकीही सुमारे ६० टक्क्यांना बरे वाटले होते.

कुत्र्याला पोकळ गोळीने बरे वाटत नसेल, पण त्याच्या माणसाला वाटते. २०१२ मध्ये कॉन्झेमियस आणि इव्हान्स यांनी एका चाचणीतल्या, पोकळ गोळी मिळालेल्या ५८ कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या. दाबमापक पट्टीवर चाल सुधारलेली नसतानाही सुमारे ४० टक्के मालकांना लंगडणे कमी झाल्यासारखे वाटत होते. कुत्र्याला चालवून पाहणाऱ्या पशुवैद्यांचा अंदाजही तितक्याच वेळा चुकला. घरच्या कुत्र्याला बरे वाटावे अशी आस असणाऱ्या डोळ्याला बरेपण दिसते आणि त्यात खोटेपणाचा लवलेश नसतो. त्यातच संधिवाताचे दुखणे मुळातच चढते-उतरते. सर्वांत वाईट आठवड्यात सुरू केलेली गोळी पुढच्या बऱ्या आठवड्याचे श्रेय घेऊन जाते. म्हणून मालकांच्या अनुभवावर उभ्या असलेल्या शिफारशींचे वजन फार धरता येत नाही.

२०२२ मध्ये माँट्रियल विद्यापीठातील संशोधकांनी संधिवातावरच्या आहार-सप्लिमेंटच्या कुत्र्या-मांजरांवरील उपलब्ध चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. ओमेगा-३ युक्त आहार व सप्लिमेंट वेदना कमी करतात, असे त्यांना आढळले. ग्लुकोसामाइन-काँड्रॉइटिनचा परिणाम मात्र नगण्य निघाला आणि कुत्र्या-मांजरांच्या संधिवातात ही जोडी यापुढे वापरू नये, असे त्यांनी सुचवले. बाजारातली सर्वांत जुनी जोडी पुराव्याच्या कसोटीवर मागे पडली आणि मागाहून आलेले ओमेगा-३ युक्त मासळीचे तेल पुढे गेले. मासळीच्या तेलामुळे वेदनाशामकाची मात्रा कमी करता येते, असे २०१० च्या चाचणीतही दिसले होते.

न्यूझीलंडच्या किनाऱ्यावरचे हिरव्या कडेचे शिंपले १९७०च्या दशकापासून माणसांच्या संधिवातासाठी विकले जात होते. २००१ मध्ये कुत्र्यांवरच्या चाचणीत त्यांच्या भुकटीचा फायदा दिसला. त्यांतही ओमेगा-३ असतेच. कोंबडीच्या छातीच्या कूर्चेतले न शिजवलेले कोलॅजेन दिल्यास शरीर स्वतःच्या कूर्चेवर हल्ला करायचे थांबते, या कल्पनेवरचे संशोधन २००० नंतर पुढे आले. ते आशादायक आहे, पण चाचण्यांतल्या कुत्र्यांची संख्या लहान आहे.

महाराष्ट्राशी सर्वांत जवळचे नाते सालईच्या डिंकाचे आहे. सातपुड्याच्या कोरड्या जंगलात, खानदेशात आणि विदर्भात सालईची झाडे आहेत आणि आयुर्वेदात हाच डिंक शल्लकी म्हणून सांधेदुखीवर वापरला जातो. २००४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या पशुवैद्यकांनी याच डिंकाचा अर्क २९ कुत्र्यांना देऊन पाहिला. २४ कुत्र्यांच्या निकालांत दोन आठवड्यांनंतर ७१ टक्क्यांत सुधारणा दिसली. मात्र त्या चाचणीत तुलनेचा गटच नव्हता, आणि मालकांच्या डोळ्यांबद्दल जे वर आले आहे ते इथेही लागू पडते. हळदीची गोष्टही अशीच. परंपरेचा आधार मोठा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. पण परंपरा माणसांची आहे आणि कुत्र्यांवरची चाचणी प्रत्येक द्रव्याने स्वतः द्यायची असते. भारताचा दुसरा धागा कच्च्या मालाचा आहे. कोळंबी सोलल्यावर उरणाऱ्या टरफलांतून कायटिन आणि त्यापासून ग्लुकोसामाइन काढण्याचे तंत्र कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने विकसित केले. लेडरहोज यांच्या शेवंडीची जागा अशी कोळंबीने घेतली.

या साऱ्या काळात एक प्रयोग शांतपणे चालू होता. प्युरिना कंपनीने १९८७ मध्ये लॅब्रॅडोरच्या ४८ पिल्लांच्या जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीतल्या एका पिल्लाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न दिले आणि ते आयुष्यभर तसेच ठेवले. २००२ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. पोटभर खाणाऱ्यांचे मध्यम आयुष्य ११.२ वर्षे भरले, कमी खाणाऱ्यांचे १३. संधिवाताच्या उपचाराची गरज निम्म्या कुत्र्यांना पडली ते वय पहिल्या गटात १०.३ वर्षे होते आणि दुसऱ्यात १३.३. तीन वर्षे दुखण्याविना, आणि तीही अन्नाचे माप कमी करून. कोणत्याही सप्लिमेंटच्या चाचणीत याच्या जवळपास जाणारा आकडा नाही. कमी जेवण डबीत भरून विकता येत नसल्यामुळे त्याची जाहिरात होत नाही, आणि लाडाने पोळी-बिस्किटांवर वाढवलेल्या शहरी लॅब्रॅडोरला याच माहितीची सर्वांत जास्त गरज आहे. गुटगुटीत म्हणून कौतुक होणाऱ्या कुत्र्याच्या खुब्यावर त्या कौतुकाचा भार रोज पडत असतो.

सप्लिमेंट निवडताना आज पाहण्याच्या गोष्टी याच इतिहासातून आल्या आहेत. पहिली गोष्ट लेबलची. मेरीलँड विद्यापीठाने २००० मध्ये बाजारातल्या ग्लुकोसामाइन-काँड्रॉइटिन उत्पादनांची तपासणी केली तेव्हा लेबलवरचा आकडा आणि प्रत्यक्ष मात्रा यांत मोठी तफावत आढळली. नियमाचा धाक नसल्याने २००१ मध्ये उत्पादकांनीच अमेरिकेत नॅशनल अॅनिमल सप्लिमेंट कौन्सिल स्थापन केली. तिचे तपासणीचे चिन्ह डबीवर असणे ही दर्जाची किमान खूण आहे. गुणाची हमी मात्र त्यातून मिळत नाही. दुसरी गोष्ट मात्रेची. मासळीच्या तेलाच्या १००० मिलिग्रॅमच्या नेहमीच्या कॅप्सूलमध्ये कामाची इपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ आम्ले मिळून साधारण ३०० मिलिग्रॅमच असतात. म्हणून या दोन आम्लांचे आकडे स्वतंत्र छापलेले उत्पादन घ्यावे आणि कुत्र्याच्या वजनानुसार मात्रा पशुवैद्याकडून ठरवून घ्यावी. कॉड माशाच्या यकृताचे तेल त्याऐवजी चालत नाही, कारण त्यातले अ आणि ड जीवनसत्त्व साचून विषारी ठरू शकते. माणसांची चघळायची गोळी कुत्र्याला देण्याआधी तिच्यात झायलिटॉल नाही हे पाहावेच लागते. या गोड द्रव्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने घसरते आणि यकृतही निकामी होऊ शकते. घरातली आयब्युप्रोफेनची गोळी तर कधीच देऊ नये.

सप्लिमेंटचा परिणाम होणार असेल तर तो दोन-तीन महिन्यांत दिसायला हवा. सुरू करण्यापूर्वी कुत्रा जिना कसा चढतो, उठताना किती वेळ लावतो, याचे चित्रीकरण मोबाइलवर करून ठेवले आणि मधल्या काळात दुसरा उपचार बदलला नाही, तर दोन चित्रफिती शेजारी ठेवून ठरवता येते. फरक नसेल तर गोळी बंद करावी आणि तो पैसा वजन उतरवण्याकडे, व्यायामाकडे किंवा पशुवैद्याने दिलेल्या औषधाकडे वळवावा. औषधांची बाजूही आता बदलली आहे. वेदनेचा संदेश वाहणाऱ्या प्रथिनाला अडवणारे, महिन्यातून एकदा टोचायचे बेडिनव्हेटमॅब हे प्रतिपिंड युरोपात २०२० मध्ये आणि अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झाले.