जखिऱ्याचे पाणी : पट्टा किल्ल्याच्या टाक्यांपासून शिडाच्या नौकेवरील वॉटरमेकरपर्यंत

(१)
इ. स. १६७९. वर्षाच्या उत्तरार्धात स्वराज्य एकाच वेळी दोन ठिकाणी झुंजत होते. मुंबईच्या दक्षिणेस खांदेरी बेटावर इंग्रज आणि सिद्दी यांच्या आरमारांना तोंड देत तटबंदी उभी राहत होती. इकडे जालन्याच्या स्वारीहून परतणाऱ्या शिवाजी महाराजांच्या सैन्याला मोगलांनी संगमनेरजवळ गाठले होते. एक रणभूमी प्रवरेच्या खोऱ्यातली, दुसरी भर समुद्रातली. दोन्हीकडे तग धरण्याची पहिली अट मात्र एकच होती : पिण्याचे पाणी. या थ्रेडमध्ये त्याच पाण्याचा मागोवा घेऊ.

(२)
संगमनेरच्या लढाईत सिधोजी निंबाळकर धारातीर्थी पडले. बहिर्जी नाईकांनी आडवाटेने सैन्य पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेले, असे बखर सांगते. आज अकोले तालुक्याच्या सीमेवर असलेला हा गड त्यानंतर ‘विश्रामगड’ म्हणून ओळखला गेला. दमलेल्या फौजेला तटाइतकीच पाण्याची गरज असते. पट्ट्याच्या माथ्यावर कातळात खोदलेली टाकी आजही त्याची साक्ष देतात.

(३)
खांदेरीची अडचण निराळी. सभोवती अथांग पाणी, पण पिता येईल असे नाही. समुद्राच्या एका लिटरात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आपली मूत्रपिंडे इतके खारे मूत्र तयारच करू शकत नाहीत. त्यामुळे ते क्षार बाहेर टाकायला प्यायलेल्या पाण्याहून अधिक पाणी शरीरातून खर्च होते आणि तहान वाढत जाते. मराठ्यांच्या लहान होड्या वेढ्यातून निसटून किनाऱ्यावरून खांदेरीला रसद पोहोचवत राहिल्या, म्हणूनच ते बेट टिकले.

(४)
मग जलदुर्ग वर्षानुवर्षे कसे नांदले? १६६४ ते १६६७ या काळात मालवणसमोर उभारलेल्या सिंधुदुर्गात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. जंजिऱ्यात गोड्या पाण्याचे मोठे तलाव आहेत. पावसाचे मुरलेले पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असते. म्हणून बेटांच्या पोटात ते साधारणपणे वरच्या थरात राहते. उपसा बेताचा असेल तर हा थर टिकतो. हाव धरली की खालचे खारे पाणी वर चढते.

(५)
हा अनुभव शब्दबद्ध झाला तो रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त, इ. स. १७१५-१६ च्या सुमारास. त्यातील सांगणे थोडक्यात असे : गड बांधण्याआधी पाणी पाहावे, नसेल तर खडक फोडून टाकी करावीत. झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये, कारण झुंजात तोफांच्या आवाजाने झरे आटतात आणि त्याच वेळी खर्च वाढतो. म्हणून दोन-चार टाकी जखिऱ्याची म्हणून राखावीत आणि त्यांना हात लावू नये. ‘जखिरा’ म्हणजे संकटासाठी राखलेला साठा. हा शब्द लक्षात ठेवा; पुढे तो पुन्हा लागणार आहे.

(६)
गलबते-गुराबा किनारा धरून चालत, खाडीत शिरून पाणी भरत. महासागर ओलांडणाऱ्या युरोपीय जहाजांना मात्र महिनोन्‌महिने पुरेल इतके पाणी लाकडी पिंपांतून न्यावे लागे, आणि ते नासे. अठराव्या शतकात चार्ल्स अर्विंगने जहाजासाठी ऊर्ध्वपातनाचे उपकरण सिद्ध केले. कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीत ते नेले होते. पण पाणी उकळायला इंधन हवे. आगबोटींना ते परवडले; शिडाच्या नौकेला नाही.

(७)
वाट बदलली ती १९५९-६० च्या सुमारास. कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी असा पडदा बनवला, ज्यातून दाबाखाली पाणी बऱ्यापैकी वेगाने पार होई आणि क्षार अडकून राहत. पाणी न उकळता ते गोडे करण्याची ही रीत व्यवहारात आली. आपल्या स्वयंपाकघरातला आरओ आणि नौकेवरचा वॉटरमेकर ही दोन्ही याच संशोधनाची अपत्ये.

(८)
वॉटरमेकर लागतोच का? गणित करून पाहू. ‘म्हादेई’ ही ५६ फुटी नौका रत्नाकर दांडेकर यांनी गोव्यात बांधली. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या प्रेरणेने आखलेल्या मोहिमेत कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये चार थांबे घेत तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून न थांबता १५१ दिवसांत ती पूर्ण केली. रोजचे ३ लिटर धरले तरी १५१ दिवसांचे ४५३ लिटर होतात. माणसे सहा असतील तर अडीच टनांहून अधिक. हे ओझे नौकेचा वेग आणि तोल दोन्ही खाते.

(९)
निवड करताना मुख्य प्रश्न ऊर्जेचा. समुद्राच्या पाण्यासाठी सुमारे ५५ बार दाब लागतो, घरगुती आरओच्या दहापट किंवा त्याहूनही जास्त. लहान यंत्रात आत घेतलेल्या पाण्यापैकी साधारण दहावा हिस्साच गोडा होऊन निघतो. उरलेले दाबासकट बाहेर जाते. त्यामुळे साध्या यंत्राला लिटरमागे सुमारे २० वॅट-तास वीज लागते. बाहेर जाणाऱ्या पाण्याचा दाब परत वापरणाऱ्या यंत्राला ४-५ पुरतात. सौर पाट्यांवर चालणाऱ्या नौकेला दुसरे परवडते, पण ते महाग आणि गुंतागुंतीचे. इंजिन रोज चालणारच असेल तर पहिले बरे : साधे, आणि भर समुद्रात स्वतः दुरुस्त करता येणारे.

(१०)
वापराचे नियमही कडक. बंदरात किंवा गढूळ खाडीत यंत्र चालवू नये. तेलाचा तवंग पडद्याचा नाश करतो, गाळ गाळण्या तुंबवतो. पहिली काही मिनिटे निघणारे पाणी टाकून द्यावे, क्षार मोजावेत, मगच टाकीत सोडावे. काम झाले की पडदा गोड्या पाण्याने धुवावा. नळाचे पाणी वापरायचे तर आधी कोळशाच्या गाळणीतून, कारण त्यातील क्लोरीन आजचे पडदे खराब करते. यंत्र बराच काळ बंद ठेवायचे असेल तर पडदा परिरक्षक द्रावणात ठेवावा.

(११)
यंत्र किती मोलाचे ठरते याचे उदाहरण १९८९ चे. पॅसिफिकमध्ये व्हेलच्या धडकांनी नौका बुडाल्यावर बटलर दांपत्य ६६ दिवस रबरी तराफ्यावर होते. हाताने दाबून चालवायच्या छोट्या वॉटरमेकरने त्यांना पाणी दिले. तेथे वीज नव्हती, इंजिन नव्हते. नौकेवरचे मोठे यंत्र त्या प्रसंगी निरुपयोगी ठरले असते.

(१२)
म्हणजे आपण पुन्हा आज्ञापत्रापाशी येतो. वॉटरमेकर हा झरा आहे, आणि झरा नेमका झुंजात आटू शकतो. वादळात वीज जाते, पंप फुटतो, गाळण्या संपतात. म्हणून जाणता नाविक यंत्र चालू असतानाही पुढच्या बंदरापर्यंत जगवेल एवढे पाणी वेगळ्या टाकीत ठेवतो, शिडावरचा पाऊस साठवतो आणि तराफ्याच्या पिशवीत हातपंप बांधून ठेवतो. पडदा विसाव्या शतकाचा. त्यामागची शिस्त मात्र गडावरची, जखिऱ्याच्या पाण्याची.

(१३)
पुढच्या वेळी संगमनेरहून पट्ट्यावर जाल तेव्हा बुरुजांबरोबर तिथली टाकीही पाहा. किती आहेत ते मोजा, आणि पावसाचे पाणी त्यांत कुठून उतरते ते शोधा. तुमच्या परिसरातील एखाद्या गडावर जखिऱ्याचे टाके म्हणून ओळखली जाणारी जागा असेल, तर खाली अवश्य लिहा.