फडाचं पाणी

पाटबंधारे खात्यात माझी बरीचशी नोकरी साक्री तालुक्यात झाली, कालवा निरीक्षक म्हणून. पाणी मागणीचे सात नंबरचे अर्ज घ्यायचे, पाळी लावायची आणि शेवटच्या शेताला पाणी पोचलं नाही की शिव्या खायच्या. त्याच तालुक्यात, पांझरा नदीच्या काठी, आमचं खातं जन्माला यायच्या कितीतरी आधीपासून लोक आपलं पाणी आपण वाटून घेत होते. फड पद्धत म्हणतात ती हीच.

पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर दगड-चुन्याचे बुटके बंधारे एकाखाली एक बांधलेले. पद्धत तीन-चारशे वर्षांची जुनी मानतात. बंधारा पाणी साठवायला नसे, पातळी उचलून ते पाटात वळवण्यापुरताच. पूर आला की डोक्यावरून निघून जाई. पाटात जास्तीचं शिरलंच, तर सांडव्यातून पुन्हा नदीत. वरच्या शेतांत मुरलेलं पाणी पाझरून खालच्या बंधाऱ्याला मिळे, म्हणून तर ओळीने इतके बंधारे चालले.

बंधाऱ्याखालचं थळ, म्हणजे भिजणारं क्षेत्र, बहुधा चार फडांत विभागलेलं असे. दहा हेक्टरांचा फड असे, तसा दोनशेचाही. एका फडात एकच पीक. यंदा ऊस असेल तिथे पुढे दुसरं काही. शेतकऱ्याची जमीन सहसा एकाच फडात नसे, तुकडे वेगवेगळ्या फडांत. वाटण्यांनी जमिनीचे तुकडे पडतात म्हणून आपण कपाळाला हात लावतो, इथे तेच तुकडे कामाला आले. पाणी ओढीचं असलं की पंच एखादा फड कोरडा ठेवत, आणि झळ थोडीथोडी सगळ्यांनाच बसे. जुने लोक भोळे नि प्रेमळ होते म्हणून हे चाललं, असं कोणी सांगितलं की मला हसू येतं. खानदेशात भाऊबंदकी कधी कमी होती?

पाण्याला हात लावायचा हक्क फक्त पाटकऱ्याचा. मालकाने स्वतःच्या शेताचं बारंसुद्धा फोडायचं नाही. रात्री कंदील आणि फावडं घेऊन पाटकरी बांधाबांधाने फिरे. एक वाफा भरला की चिखलाचा गोळा दाबून बारं बंद, पुढचं उघड. पीक राखायला जागल्या, या सगळ्यांवर हवालदार. मोबदला खळ्यावर, धान्यात. पाटातला गाळ काढायला घरटी माणूस द्यावा लागे. गाळ राहिला तर पाणी कोणालाच नाही.

1884 साली मुंबई इलाख्याच्या नोकरीत लागलेले अभियंते विश्वेश्वरय्या सुरुवातीलाच धुळ्याकडे आले आणि पांझरेच्या एका पाटासाठी नळांचा सायफन बांधायचं काम त्यांच्याकडे आलं. पुढे नीरा कालव्यासाठी त्यांनी ब्लॉक पद्धत आखली, तीतही उसाबरोबर दुसरी पिकं घालून फेरपालट होती. फड पाहिलेल्या माणसाला ती कल्पना सुचली, यात मला तरी नवल वाटत नाही.

मग विहिरी झाल्या, मोटारी बसल्या. ज्याला आपलं पाणी आपल्या विहिरीत दिसू लागलं, त्याला पंचांची गरज उरली नाही. गाळ काढायला तो कशाला येईल? वरच्या अंगाला धरणं झाली आणि नदीचा प्रवाह आमच्या खात्याच्या वेळापत्रकात गेला. आम्ही पाटाला दारं बसवली, कुलपं लावली. कुलपं फुटायची.

2005 साली कायदा झाला: पाणी वापर संस्थांना पाणी मोजून द्यायचं, आतलं वाटप शेतकऱ्यांनी करायचं. गावोगावी आम्ही तो समजावत फिरलो. एका गावात एका म्हाताऱ्या बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाऊसाहेब, ते ठीक, पण पाटकऱ्याला देणार कोण? आणि धान्य देणार का पैसे?" सभेत थोडं हसू झालं. मी मात्र पुढे बऱ्याच संस्था मोडताना पाहिल्या, आणि सुरुवात बहुतेक तिथूनच झाली होती: पाटकऱ्याचे दोन हंगामांचे पैसे थकले, त्याने फावडं ठेवलं, आणि जो तो आपलं बारं आपणच फोडू लागला.