तुतारी कोणाच्या दारात?



केशवसुतांची 'तुतारी' ही कविता ऐकली नाही असा शिकलेला मराठी मनुष्य विरळाच. शाळेत आपण ती पाठ केली, स्नेहसंमेलनात कोणाच्या तरी खड्या आवाजात ऐकली, आणि तिच्या नुसत्या नावासरशी आपली मान किंचित ताठ होते. परंतु तुतारी फुंकायची ती कोणाला उद्देशून, हा साधा प्रश्न आपणांपैकी किती जणांनी स्वतःला विचारला असेल? मी तरी तो बरीच वर्षे विचारला नव्हता. तो मला एका विद्यार्थ्याने विचारला. आजच्या भाषणाचा विषय त्या प्रश्नातून निघाला आहे, म्हणून आरंभी ती हकीकत सांगतो.

मी ज्या शाळेत शिकवीत होतो तेथे स्वातंत्र्यदिनी मुलांकडून 'तुतारी' म्हणवून घेण्याचा प्रघात होता. म्हणण्यापूर्वी मी तिचा अर्थ सांगत असे. परक्या सत्तेच्या गाढ झोपेतून देशाला जागे करणारी ही रणतुतारी आहे, असे माझे विवरण असे, आणि ते मुलांना आवडे. सुमारे तीस वर्षांपूर्वी एके साली, वाडीच्या अगदी टोकाच्या घरांतून येणारा एक मुलगा उभा राहिला व म्हणाला, "गुरुजी, पण हिच्यात इंग्रजांचं नाव कुठं आहे?" मी त्याला खाली बसविले. कार्यक्रमाची घाई होती, हे कारण मी त्या वेळी स्वतःला दिले. खरे कारण असे की, मजजवळ उत्तर नव्हते. त्या संध्याकाळी घरी कविता पुन्हा पहिल्यापासून वाचली. इंग्रजांचे नाव नव्हतेच, सरकारचा उल्लेखही नव्हता. मग इतकी वर्षे मी मुलांना शिकविले ते काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. कवी आपल्याच मुलखातला आहे. केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले यांचा जन्म १८६६ साली रत्नागिरीजवळच्या मालगुंड गावी झाला. वडील केशवपंत शाळामास्तर होते. पुढे ते आमच्या दापोली तालुक्यातील वळणे या गावी रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक यांच्या खोतीची व्यवस्था पाहू लागले, आणि कवीचे बालपण त्या गावाशी जोडले गेले. शिक्षण मात्र बरेच हिंडत हिंडत झाले. अखेरीस पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून, वयाची विशी उलटल्यावर, ते मॅट्रिक झाले. त्यापुढे शिक्षण नाही. नंतर मुंबईत, खानदेशात आणि शेवटी धारवाडास मास्तरकी. ते मॅट्रिक होते व मीही मॅट्रिक आहे, ते मास्तर होते व मीही मास्तर होतो. साम्य येथेच संपते. परंतु एवढ्या साम्यानेही मास्तराला मास्तराचे अक्षर थोडे अधिक लागते, असे म्हणण्याची मुभा असावी.

केशवसुतांना एक उत्तम सवय होती. कवितेखाली ते पुष्कळदा स्थळ व तारीख लिहीत. 'तुतारी'खाली मुंबई व २८ मार्च १८९३ असा उल्लेख आहे. आपण कविता पाठ करतो आणि ही शेवटची ओळ सोडून देतो. माझ्या मते कवितेच्या अर्थाची पहिली किल्ली याच ओळीत आहे. ही किल्ली घेऊन आपण १८९३ च्या मार्च महिन्यात जाऊ.

त्या तारखेच्या अवघे सतरा दिवस आधी, म्हणजे ११ मार्च १८९३ रोजी, पुण्यास एक विवाह झाला. वर फर्ग्युसन कॉलेजातील गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे, आणि वधू पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकलेल्या विधवा गोदूबाई. कर्वे लहानाचे मोठे झाले ते दापोलीजवळच्या मुरुड गावात. विवाहाची वार्ता मुरुडास पोहोचल्यावर ग्रामस्थांनी सभा भरवून त्यांच्यावर बहिष्कार घातला. मुलगा घरी आला तर त्याला घरात घेण्याचीही त्यांच्या वृद्ध मातोश्रींना चोरी झाली. पुढे १९५८ साली ज्यांना भारतरत्न हा किताब मिळाला त्यांच्या स्वागताला त्यांच्याच गावाने प्रथम दार लावून घेतले, हे आम्हा दापोलीकरांनी विसरता कामा नये.

आता मुरुडाहून दापोलीच्या कँपात येऊ. इंग्रजी अमलाच्या आरंभी येथे लष्कराचे ठाणे पडले, आणि सैन्यातून निवृत्त झालेले पुष्कळ महार पेन्शनर येथे स्थायिक झाले. त्यांतले एक गोपाळबाबा वलंगकर. १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' नावाची पुस्तिका प्रसिद्ध करून अस्पृश्यतेच्या समर्थकांपुढे प्रश्नांमागून प्रश्न मांडले. १८९२ च्या सुमारास याच पेन्शनरांनी आपल्या मुलांना म्युनिसिपालिटीच्या शाळेत बसू द्यावे म्हणून अर्ज केला. ज्यांनी सरकारची पलटण सांभाळली त्यांच्या मुलांना शाळेत जागा मिळाली ती व्हरांड्यात. वर्गात नव्हे, व्हरांड्यात! भीमराव आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हेही निवृत्तीनंतर काही काळ आपल्या कुटुंबासह दापोलीत राहिले होते.

आणि ज्या १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' निघाले, त्याच सालची केशवसुतांची एक कविता आहे, 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न'. आपल्याला दूर का हाकलले, हे एक लहान मूल आईला विचारते, एवढाच तिचा विषय. वलंगकर व केशवसुत एकमेकांस ओळखत होते असे मला म्हणावयाचे नाही. कर्व्यांचा विवाह झाला म्हणून 'तुतारी' लिहिली गेली, असेही मी म्हणत नाही. कविता ही वर्तमानपत्रातील बातमीवरचे स्फुट नसते. माझे म्हणणे एवढेच आहे की, ज्या मुलखात कवी वाढला तेथील हवेत १८८८ ते १८९३ या काळात कोणते प्रश्न घुमत होते हे आपणांस ठाऊक असावे. पुण्यात गोपाळ गणेश आगरकरांचा 'सुधारक' १८८८ पासून निघत होता, संमतिवयाच्या कायद्यावरून १८९१ साली सारा महाराष्ट्र दुभंगला होता. घराघरांत वाद चालू होता तो मुख्यतः घरातल्याच गोष्टींचा.

ही पार्श्वभूमी मनाशी धरून आता कवितेकडे पाहू. कवीचा रोख कोणावर आहे? रूढीवर, दंभावर, माणसाची वाट अडविणाऱ्या निर्बंधांवर. नियम माणसासाठी आहेत, माणूस नियमांसाठी नाही, असा तिचा आशय आहे. देव आणि दानव हे मनुष्यानेच निर्माण केले, असे म्हणण्यापर्यंत तिची मजल जाते. फडकवायचा तो झेंडा समतेचा. शत्रूची ही सारी यादी पाहिली, तर तीत समुद्रापलीकडून आलेला एकही नाही. सगळे आपल्या माजघरातले, देवघरातले आणि ओसरीवरचे आहेत.

मग आम्हा मास्तरांची फसगत कशाने झाली? कवितेच्या वेषाने. तुतारी हे वाद्य रणात वाजे, राजाच्या स्वारीपुढे वाजे, देवाच्या पालखीपुढे आजही वाजते. कवितेत शूरांना हाक आहे, हल्ल्याची भाषा आहे, मराठ्यांची ओळखीची रणगर्जनाही आहे. एवढी सामग्री पाहिली की आपल्या डोळ्यांपुढे ताबडतोब गड, घोडे आणि परका शत्रू उभा राहतो. केशवसुतांची खरी करामत येथेच आहे, असे मला वाटते. शत्रूवर चालून जाण्यासाठी आपल्या पूर्वजांनी जी भाषा घडविली, तीच त्यांनी घेतली आणि तिचे तोंड घराकडे वळविले. शिवाय कवीच्या हाती तुतारी नाही, तो ती दुसऱ्याकडे मागतो आहे, हेही ध्यानात घ्यावे. मुंबईत तुटपुंज्या वेतनाच्या नोकऱ्या बदलीत राहणाऱ्या एका मास्तराजवळ श्वास होता. वाद्य समाजाने द्यावयाचे होते.

यावर कोणी म्हणेल, स्वातंत्र्याच्या चळवळीत हजारो तरुणांना या कवितेत देशाची हाक ऐकू आली, ती काय खोटी? खोटी नव्हे. चांगल्या कवितेत पुढच्या पिढ्यांच्या श्वासाला जागा असते. त्या तरुणांनी तुतारी स्वतःच्या छातीला लावली आणि तिची किंमतही दिली. दोष त्यांचा नाही. दोष माझ्यासारख्यांचा, ज्यांनी स्वातंत्र्य मिळाल्यानंतरही तोच एक अर्थ चालू ठेवला. परका शत्रू गेला, तेव्हा त्या अर्थाने वाजणाऱ्या तुतारीचे आपल्याला भय उरले नाही. दुसऱ्याच्या दारात वाजणारी तुतारी ऐकायला फार गोड लागते. म्हणून मी आता मुलांना नव्हे, स्वतःला एक नियम घालून घेतला आहे. कवितेचा जो अर्थ आपल्याला सोयीचा असेल, तो सर्वांत आधी तपासावा.

येथे दुसऱ्या बाजूची चूकही सांगितली पाहिजे. केशवसुत म्हणजे केवळ समाजसुधारणेचे कवी, असे ठरवून मोकळे होणारेही पुष्कळ आहेत. त्यांना अडविण्यासाठी कवीने त्याच १८९३ साली 'झपूर्झा' लिहून ठेवली आहे. या शब्दाचा अर्थ कोशात पाहून उपयोग नाही. झिम्मा खेळताना मुली एकमेकींना 'जा पोरी जा' असे म्हणत, त्या बोलांचा भराभर उच्चार होता होता कानी पडणारा हा नाद आहे, असे सांगतात. हर्ष आणि खेद यांच्या पलीकडे गेलेल्या मनाची जी तंद्री लोकांना वेडेपणा वाटते, तिचे हे नाव. टीकाकारांनी या कवितेला गूढगुंजन म्हटले, आणि 'तुतारी'चा कवी वेगळा, 'झपूर्झा'चा वेगळा, अशी वाटणीही करून टाकली.

मला ही वाटणी पटत नाही. 'झपूर्झा'त एक दृष्टांत आहे. कधी नांगर न लागलेली उत्तम जमीन पुष्कळ पडली आहे, परंतु ती कसण्याची सनद हजारांत एखाद्यालाच असते, असा त्याचा भाव. विद्वान येथे तत्त्वज्ञान पाहतात. मला येथे वळणे गाव दिसते. खोतीच्या व्यवहारात ज्याचे वडील गुंतले होते, त्या मुलाच्या कानांवर सनद, वहिवाट आणि पडीक जमीन हे शब्द लहानपणापासून पडले असणार. आमच्या कोकणात कसणारा एक आणि कागदावरचा धनी दुसरा, हे दुःख घरोघरचे होते. केशवसुतांनी तो कागद उचलून अज्ञाताच्या प्रांतात नेला. तेथे सनद वंशपरंपरेने मिळत नाही, जो तहानभूक विसरून नांगर धरील त्याला मिळते. जन्माने मिळालेला अधिकार 'तुतारी' बाहेरून मोडू पाहते, 'झपूर्झा' आतून. दोन्ही कवितांचा कवी एकच आहे, आणि वर्षही एकच आहे.

या कवीच्या हयातीत त्याचे एकही पुस्तक निघाले नाही. कविता 'काव्यरत्नावली', 'करमणूक', 'मनोरंजन' अशा नियतकालिकांत विखुरलेल्या राहिल्या. ७ नोव्हेंबर १९०५ रोजी हुबळीस प्लेगने त्यांचे निधन झाले, आणि थोड्याच दिवसांत पत्नीही त्याच रोगाने गेली. कवितासंग्रह निघाला तो १९१७ साली. पुढे मालगुंडास कोकण मराठी साहित्य परिषदेच्या खटपटीने स्मारक उभे राहिले, आणि १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. पुण्याजवळ २०२२ साली उघडलेल्या एका कलासंग्रहालयाने तर 'झपूर्झा' हेच नाव घेतले. जो शब्द कोशात नव्हता त्याचे आता दारावर पाटीसारखे अक्षर झाले, याचा आनंद कोणाला होणार नाही? मात्र स्मारक बांधले म्हणजे अर्थ कळला, असे होत नाही.

अर्थ कळणे निराळे असते. याच दापोली तालुक्यातील पालगडचे साने गुरुजी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून दहा दिवस उपोषणास बसले, आणि मंदिर खुले झाले. देशाच्या स्वातंत्र्याला तेव्हा तीन महिने उरले होते. परका शत्रू जातो आहे हे दिसत असताना ज्यांना घरातले दार आठवले, त्यांना 'तुतारी' बरोबर ऐकू आली होती, असे मी समजतो.

त्या मुलाला मी पुढे उत्तर दिले काय, असे आपण विचाराल. दिले नाही. त्या वर्षाअखेर त्याने शाळा सोडली, आणि दुसऱ्या दिवशी देईन म्हणून ठेवलेले उत्तर मजजवळच राहिले. तो आज चाळिशीत असेल, आणि कदाचित हे भाषण ऐकतही असेल. त्याला एवढेच सांगतो: बाळ, तुझा प्रश्न बरोबर होता. कवितेत इंग्रजांचे नाव कोठेच नाही. तुला मी खाली बसविले, त्या क्षणी ती तुतारी माझ्याच दारात वाजत होती.