चिपच्या प्रयोगशाळेचा चवदार तळ्याशी काय संबंध?

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने सेमीकॉन इंडिया कार्यक्रमाला ७६ हजार कोटी रुपये मंजूर केले. तेव्हापासून सेमीकंडक्टर, चिप, फॅब हे शब्द रोज कानावर पडतात. हा इंजिनिअर लोकांचा विषय आहे, आपला नाही, असे समजून आंबेडकरी तरुणांनी त्याकडे पाठ फिरवू नये. नखाएवढ्या चिपवर कोणाची बुद्धी कोरली जाते, हा प्रश्न इतिहासाचा आहे आणि जातीचाही आहे.

सुरुवात बाबासाहेबांपासून करू. १९४२ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले. केवळ कला आणि कायद्याच्या पदव्यांनी आपल्या समाजाचे भागणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे, असे त्यांनी त्यात मांडले. त्यासाठी शिष्यवृत्त्या, परदेशी शिक्षणासाठी निधी आणि सरकारी कारखान्यांत उमेदवारीच्या जागा मागितल्या. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, तिचे मूळ या लढ्यात आहे. बाबासाहेबांनी तंत्रज्ञान मागितले ते देश स्वतंत्र होण्याच्या पाच वर्षे आधी.

स्वतंत्र भारताने काय केले? १९५१ मध्ये खरगपूरला पहिली आयआयटी सुरू झाली. पण आयआयटींच्या प्रवेशात अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण लागू झाले १९७३ मध्ये. म्हणजे बावीस वर्षे दार बंदच होते. प्रवेशाचे दार किलकिले होते न होते, तोच १९७५ मध्ये केंद्राचा दुसरा आदेश आला. गट 'अ' च्या सर्वांत खालच्या श्रेणीच्या वरची, संशोधन करणारी किंवा संशोधनाला दिशा देणारी वैज्ञानिक-तांत्रिक पदे आरक्षणातून वगळण्यात आली. आमच्या मुलाने शिकावे, पण प्रयोगशाळा चालवू नये, असाच त्याचा अर्थ निघतो.

याच काळात मोहालीत सरकारी सेमीकंडक्टर कारखाना उभा राहत होता. १९८४ मध्ये तिथे उत्पादन सुरू झाले आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये आगीत तो जळाला. त्यानंतर भारत चिप बनवण्यात मागे पडला. पण कारखाना नसला तरी चिपची रचना करता येते. त्यासाठी महागडे सॉफ्टवेअर आणि प्रशिक्षित माणसे लागतात.

ही माणसे घडवण्यासाठी १९९८ मध्ये विशेष मनुष्यबळ विकास कार्यक्रम सुरू झाला. दुसऱ्या टप्प्यात त्यात ३२ संस्था होत्या. त्यांपैकी सात 'संसाधन केंद्रे', म्हणजे पाच जुन्या आयआयटी, बंगळुरूची आयआयएस्सी आणि पिलानीची सीरी. उरलेल्या पंचवीस 'सहभागी संस्था'. केंद्रांनी शिकवायचे, सहभागी संस्थांच्या शिक्षकांनी शिकायचे. रचनेतच उतरंड होती. तरी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. या कार्यक्रमामुळे आयआयटीच्या बाहेरच्या महाविद्यालयांत प्रथमच चिप-रचनेची साधने पोहोचली.

२००८ मध्ये आणखी एक पाऊल पडले. आयआयटी मुंबई आणि आयआयएस्सीच्या नॅनोइलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळा देशभरच्या संशोधकांना वापरायला देणारा कार्यक्रम सुरू झाला. धूळविरहित 'क्लीन रूम' उभारायला कोट्यवधी रुपये लागतात. ती प्रत्येक विद्यापीठाला परवडणार नाही, म्हणून सामायिक वापर. आता 'चिप्स टू स्टार्टअप' या योजनेत पाच वर्षांत ८५ हजार इंजिनिअर घडवायचे आहेत. बंगळुरूच्या सी-डॅकमधील केंद्रातून महाविद्यालयांना सॉफ्टवेअर मिळते. विद्यार्थ्यांच्या अनेक रचना एकाच सिलिकॉन चकतीवर बसवून मोहालीत त्यांच्या चिप तयार होतात.

दार खुले झाले म्हणायचे का? इथे महाड आठवते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तळे खुले केले. कागदावर सगळे झाले होते, पण सवर्णांच्या विरोधामुळे पाण्याला हात लागला नव्हता. तो लागला २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांसोबत हजारो माणसे चालत गेली तेव्हा.

सामायिक प्रयोगशाळा हा आजचा बोले ठराव आहे. तिथपर्यंत कोण पोहोचते ते पाहा. २०१५ ते २०१९ या काळात आयआयटींत पीएचडीला प्रवेश मिळालेल्यांत अनुसूचित जातींचे ९.१ टक्के आणि जमातींचे २.१ टक्के होते. कायद्याने हवे होते १५ आणि ७.५ टक्के. २०१९ मध्ये केंद्रीय शिक्षणसंस्थांतील शिक्षकांच्या आरक्षणाचा कायदा झाला, त्यातूनही टीआयएफआरसारख्या संस्था वगळल्या गेल्या.

'चिपला जात नसते' असे कोणी म्हणेल. नसतेच. पण कोणत्या महाविद्यालयात सॉफ्टवेअर आहे, कार्यशाळेची जाहिरात कोणाच्या कानावर आधी पडते, शिफारसपत्र कोण देते, मार्गदर्शक कोणाला स्वीकारतो, या प्रत्येक पायरीला जात असते. गुणवत्ता म्हणून जी मिरवली जाते, तिच्यात या पायऱ्यांचा हिशोब कधीच धरला जात नाही. 'मनुष्यबळ' हा शब्द सगळ्यांना एका रांगेत उभे केल्याचा आभास देतो आणि रांगेत पुढे कोण आहे ते झाकतो.

म्हणून कामाला लागू. इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या आपल्या भावाबहिणींनी आपले महाविद्यालय या योजनेत आहे का, ते विभागप्रमुखांना विचारावे. असेल तर सॉफ्टवेअर वापरायचा हक्क मागावा, नसेल तर सहभागासाठी निवेदन द्यावे. कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारात संस्थानिहाय आकडे मागावेत: किती जणांना प्रशिक्षण मिळाले, त्यांत अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी किती, मुली किती. विहारांतल्या अभ्यासवर्गात स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांशेजारी गेटचीही पुस्तके ठेवावीत. या क्षेत्रात आधीच पोहोचलेल्या आपल्या इंजिनिअरांनी वर्षातून चार रविवार समाजाला द्यावेत.

८५ हजारांत आपले किती, हे सरकार आपणहून सांगेल याची वाट पाहू नका. मोजणी आपण मागायची आणि तळ्यापर्यंतही आपणच चालत जायचे.

जय भीम!