समुपदेशन, बिगरतज्ज्ञ

मानसशास्त्राची किंवा वैद्यकाची पदवी नसलेल्या, परंतु ठरावीक प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक व्यक्तींनी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली केलेले समुपदेशन. खाजगी उपचारांची फी न परवडणाऱ्या किंवा मानसोपचारतज्ज्ञ जवळपास नसलेल्या रुग्णांसाठी ही पद्धती वापरतात. झिंबाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी 2006 मध्ये हरारेच्या म्बारे वस्तीत आजीबाईंच्या मदतीने अशी सेवा सुरू केली. भारतात या पद्धतीचा सर्वाधिक अभ्यास गोव्यात झाला.

गोव्यातील चाचण्या : डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी 1996 मध्ये ‘संगत’ ही संस्था स्थापन केली. तिच्या ‘मानस’ चाचणीचे निष्कर्ष 2010 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. सरकारी आरोग्यकेंद्रांतील रुग्णांना समुपदेशकांचा लाभ झाला. खाजगी दवाखान्यांत तसा फरक आढळला नाही. पुढील चाचणीत 10 प्राथमिक आरोग्यकेंद्रांतील तीव्र नैराश्याचे 495 रुग्ण होते. नेहमीच्या उपचारांना 6 ते 8 सत्रांची जोड दिलेल्या गटात तीन महिन्यांनी 64 टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले. दुसऱ्या गटात हे प्रमाण 39 टक्के होते. मद्यपी पुरुषांवरील समांतर चाचणीत (377 रुग्ण) दारू पूर्ण सोडणाऱ्यांचे प्रमाण वाढले, मात्र पिणे चालू ठेवणाऱ्यांच्या रोजच्या प्रमाणात लक्षणीय घट दिसली नाही.

कार्यपद्धती : खिन्न माणूस कामे व भेटीगाठी टाळतो आणि त्यामुळे खिन्नता वाढते. हे चक्र तोडण्यासाठी समुपदेशक रुग्णाबरोबर त्याला झेपतील अशी कामे ठरवतो व पुढील भेटीत आढावा घेतो. सत्र आरोग्यकेंद्रात किंवा घरी होते. समुपदेशक एकमेकांची ध्वनिमुद्रित सत्रे ऐकून गुण देतात; त्यामुळे तज्ज्ञाचा वेळ, पर्यायाने खर्च, वाचतो. आत्महत्येचा धोका दिसल्यास रुग्णास तज्ज्ञाकडे पाठवणे आवश्यक असते.

महाराष्ट्र : अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ प्रकल्पात नैराश्यावर उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण 4.3 वरून 27.2 टक्क्यांवर गेले. नाशिक जिल्ह्यातील ‘आत्मीयता’ प्रकल्पात गावकऱ्यांनाच ‘मित्र’ म्हणून तयार करण्यात आले.

स्वमदत गट : समदुःखी व्यक्तींचे किंवा त्यांच्या नातलगांचे गट, यांत समुपदेशक नसतो. उदा., अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, पुण्यातील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन (1997).

मर्यादा : समुपदेशकांचे मानधन आणि प्रकल्पाचा निधी संपल्यावर सेवा चालू राहण्याची शाश्वती यांविषयी मतभेद आहेत.

कायदा व शासकीय सेवा : मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 नुसार परवडणारी मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा नागरिकांचा हक्क आहे. ‘टेली-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा (14416) 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झाली.

पहा : नैराश्य, मद्यासक्ती, मानसोपचार, सार्वजनिक आरोग्य.