उजेडाची घमेली

अकोल्याच्या टिळक रोडवर मी चाळीस वर्षे फोटो काढले. लग्नाचे काढले, बारशाचे काढले, नोकरीच्या अर्जावर चिकटवायचे काढले. आणि पुढेपुढे लग्नांच्या व्हिडिओ कॅसेटीही भरल्या. तो धंदा ज्या एका वस्तूने मोडला, तिचा इतिहास मीच सांगावा, हा नियतीचा थोडा विनोदच म्हणायचा. पण तसे घडले खरे, आणि त्याला कारण माझी नात. आठवीतली ही पोर गेल्या दिवाळीच्या सुट्टीत चार चाके, दोन मोटारी आणि तारांचे जंजाळ घेऊन ओसरीवर बसली होती. जमिनीवर चिकटवलेल्या काळ्या पट्टीवरून आपोआप चालणारी गाडी तिला शाळेच्या प्रदर्शनात मांडायची होती. घरात ती धावे. ओसरीवर उन्हात आणली, की भरकटे.

"आबाजी, उनात हे काहून आंधळी होते?" तिने विचारले.

उत्तर मला ठाऊक होते, पण ते सांगायला मला पार खामगावपर्यंत मागे जावे लागले.

१८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आपल्या शेजारच्या खामगावला आले आणि जलंबहून खामगावला जाणारा आगगाडीचा फाटा त्यांनी खुला केला. हेतू उघड होता: वऱ्हाडचा कापूस लवकर मुंबईला न्यायचा आणि तिथून विलायतेला. त्याच वर्षी समुद्राच्या तळाशी टाकलेली तार मुंबईला येऊन पोचली, आणि कापसाचे भाव महिन्यांऐवजी तासांच्या हिशेबाने इकडून तिकडे जाऊ लागले. अशा तारा समुद्रात सोडताना सतत तपासाव्या लागत. त्या कामासाठी विलोबी स्मिथ नावाच्या इंग्रज विद्युत्-तंत्रज्ञाने सेलेनियम ह्या पदार्थाच्या कांड्या वापरून पाहिल्या. पण त्यांची मोजमापे एकसारखी येईनात. पेटीचे झाकण उघडे असले की वीज सहज वाहे, झाकले की अडे. १८७३ साली त्याने हे जाहीर केले. उजेड पडला की पदार्थाचा विजेशी वागण्याचा ढंग बदलतो! आजच्या प्रत्येक कॅमेऱ्याच्या पोटात जो प्रकाशग्राही तुकडा, म्हणजे सेन्सर, बसलेला असतो, त्याचा वंशवृक्ष ह्या कांडीपाशी जाऊन पोचतो.

उजेडाची वीज झाली, पण चित्र कसे पाठवायचे? चित्र म्हणजे एकाच वेळी हजारो ठिकाणचा उजेड, आणि तार तर एक. ही गाठ सुटण्याची जी गोष्ट सांगतात, ती आपल्या शेतकरी वाचकांना विशेष आवडेल. अमेरिकेतल्या आयडाहो प्रांतात फायलो फार्न्सवर्थ नावाचा चौदा वर्षांचा पोरगा शेतात काम करीत होता. मागे वळून पाहतो तो नांगराचे तास एकाखाली एक सरळ आखलेले! त्याच्या मनात आले, चित्रही असेच तासातासाने, ओळीओळीने नांगरून काढता येईल. १९२७ साली, एकविसाव्या वर्षी, त्याने विजेच्या नळीने पहिले चित्र पाठवून दाखवले. ते चित्र होते एक साधी रेघ. वखरामागे चालताना आपल्याकडच्या किती पोरांना काय काय सुचले असेल. लिहून ठेवणारा मात्र भेटला नाही.

पुढे अशाच नळ्या सुधारत गेल्या. १९५० साली निघालेली ‘व्हिडिकॉन’ नावाची नळी तर दूरदर्शनच्या धंद्याचा बैल बनली. निर्वात काचनळीत प्रकाश टिपणारा पडदा, आणि मागून विजेच्या किरणाने त्याची ओळीओळीने नांगरणी. माझा पहिला व्हिडिओ कॅमेरा ह्याच जातीचा, मुंबईहून जुना आणलेला. ह्या नळ्यांना प्रखर उजेडाचे फार भय. १९८५ च्या सुमारास एका गोरज मुहूर्तावर नवरामुलगा मावळतीच्या बाजूला उभा होता, आणि उत्साहाच्या भरात मी भिंग सरळ सूर्यावर रोखले. नळीच्या पडद्यावर कायमचा डाग पडला. तो दुरुस्त करायला पैसे नव्हते. त्या हंगामात मी भरलेल्या चारही लग्नांत, नवरी कोणतीही असो, तिच्या आसपास एक करडा ठिपका तरंगत असे. एका वरमाईने तर ‘कोणाची दृष्ट लागली म्हणायची’ असे विचारले होते! मी मान डोलावली.

ह्या नळीचा काळ ज्या शोधाने संपवला, तो लागला १९६९ साली. अकोलेकरांना हे वर्ष पक्के ठाऊक असते, कारण त्याच वर्षी आपले कृषी विद्यापीठ स्थापन झाले. तिकडे अमेरिकेत, बेल प्रयोगशाळेत, विलर्ड बॉईल आणि जॉर्ज स्मिथ हे दोघे खरे म्हणजे आकडे साठवण्याची नवी युक्ती शोधत होते. तासाभराच्या चर्चेत फळ्यावर जे उतरले, त्याला पुढे ‘सीसीडी’ हे नाव पडले. चाळीस वर्षांनी, २००९ साली, त्यांना त्याबद्दल भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

ही युक्ती नातीला मी विहिरीच्या कामावरून समजावली. उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढताना माणसे ओळीने उभी राहतात आणि भरलेले घमेले ह्या हातातून त्या हातात जात काठापर्यंत येते. सिलिकॉनच्या नखाएवढ्या तुकड्यावर अशी लाखो अदृश्य घमेली मांडलेली असतात. उजेड पडला की सिलिकॉनमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि आपापल्या घमेल्यात साचतात. जास्त उजेड, जास्त भरलेले घमेले. मग विजेच्या इशाऱ्यासरशी प्रत्येक घमेले शेजारच्याकडे सरकते, आणि टोकाला बसलेला मापारी एकेकाचे माप घेऊन आकडा लिहितो. आकड्यांची ती वही म्हणजेच चित्र.

"पण रंग कसा लिहितो?" ह्या प्रश्नावर मी खूश झालो. घमेल्याला रंग कळतच नाही, फक्त वजन कळते. म्हणून प्रत्येकावर रंगीत काचेचा कण बसवतात. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बेयरने १९७६ साली पेटंट मिळवलेल्या मांडणीत चारांतले दोन कण हिरवे, एक तांबडा, एक निळा. हिरवे दोन का? तर माणसाच्या डोळ्याला बारकावा सर्वांत जास्त हिरव्यात दिसतो.

ह्याच कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन ह्या तरुणाने १९७५ साली फिल्मशिवाय चालणारा पहिला कॅमेरा जोडला होता. वजन साडेतीन किलोंच्या वर, ठिपके अवघे दहा हजार, आणि एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. कंपनीला फिल्मचा धंदा सोडवेना. शेवटी २०१२ साली तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. मी माझा स्टुडिओ त्याच्या दोन वर्षे आधी बंद केला. एवढी एकच गोष्ट मी कोडॅकच्या आधी केली.

जपानात मात्र सोनीच्या काझुओ इवामांनी ह्या तुकड्यावर वर्षानुवर्षे पैसा ओतला. तो बाजारात रुजण्यापूर्वीच, १९८२ साली, ते वारले. त्यांच्या थडग्यावर सीसीडीचा एक तुकडा बसवलेला आहे. १९९० नंतर अमेरिकेत एरिक फॉसम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी पुढची पायरी गाठली: घमेली हलवायचीच नाहीत, प्रत्येक घमेल्यापाशी त्याचा स्वतःचा मापारी बसवायचा. ह्या ‘सीमॉस’ तुकड्याला वीज थोडी लागते आणि तो स्वस्त पडतो. म्हणूनच तो आज तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आहे, आणि हौशी पोरांच्या यंत्रमानवांतही.

ह्या हौसेला महाराष्ट्रात मोठे मैदान मिळाले ते २००८ साली. आशियातल्या नभोवाणी-दूरदर्शन संस्थांच्या संघाची ‘रोबोकॉन’ ही विद्यार्थ्यांची स्पर्धा त्या वर्षी पुण्याला बालेवाडीत भरली, आणि यजमान होते आपले दूरदर्शन. खेळ बेतला होता चक्क दहीहंडीवर! गोविंदा सगळे यंत्रांचे. हंडी जिंकली चीनच्या पोरांनी. पण ते दृश्य पाहून आपल्याकडच्या किती मुलांनी कात्री-पक्कड हाती धरली असेल, ह्याची मोजदाद कोणी करायची?

आता नातीची गाडी. तिच्या पोटाखाली दिव्यांच्या आणि ग्राहकांच्या जोड्या होत्या. दिवा आपल्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश खाली टाकतो. पांढरी फरशी तो परतवते, काळी पट्टी गिळते. परत आला नाही की गाडी समजते, खाली पट्टी आहे. (हा प्रकाश पाहायचा असेल, तर टीव्हीच्या रिमोटचे तोंड फोनच्या कॅमेऱ्याकडे करून कळ दाबा. पुष्कळ फोनांत जांभळट ठिणगी दिसेल. सिलिकॉनला जे दिसते, ते आपल्याला दिसत नाही. पोरांना ही जादू जरूर दाखवावी.) पण सूर्यही अवरक्त प्रकाश ओततो, आणि अकोल्याचा सूर्य हात आखडता घेत नाही. ग्राहक काठोकाठ भरला, की काळे काय नि पांढरे काय! नळीवर डाग पाडणाराच हा आरोपी. उन्हातला ताप वेगळाच: उजेड नसतानाही उष्णतेने काही इलेक्ट्रॉन घमेल्यात पडतात आणि चित्रात कचकच दिसते. जुन्नरजवळ गिरवलीच्या दुर्बिणीसारख्या ठिकाणी सीसीडी मुद्दाम अतिथंड ठेवतात ते ह्यासाठीच.

मी माळ्यावरून ब्रोमाईड कागदाचे जुने खोके काढले. त्यातला जाड काळा कागद उजेड अडवण्यासाठीच जन्मलेला. त्याची झालर आम्ही गाडीच्या पोटाला चिकटवली. नातीने स्वतःहून दुसरी युक्ती केली: आधी दिवा विझवून माप घ्यायचे, मग लावून घ्यायचे, आणि एकातून दुसरे वजा करायचे. सूर्य दोन्हींत सारखाच, म्हणून तो हिशेबातून उडतो. प्रामाणिकपणे सांगतो, माझ्या झालरीपेक्षा तिची वजाबाकी जास्त उपयोगी पडली.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी गाडी अंगणात आणली. काळी पट्टी रांगोळीभोवती फिरवली होती. गाडी निघाली, वळली, आणि पहिल्याच पणतीपाशी अडखळून रांगोळीत शिरली. पणतीच्या ज्योतीतला बहुतेक प्रकाश अवरक्तच असतो, आणि ज्योत वाऱ्याने सारखी हलते. दोन मापांच्या मध्येच ती कमीजास्त होई, म्हणून वजाबाकी फसली. सूनबाईंनी रांगोळीकडे पाहिले, मग आमच्या दोघांकडे. नातीने मुकाट्याने चारही पणत्या हातभर मागे सरकवल्या आणि गाडी पुन्हा पट्टीवर ठेवली.